अण्णा, तुम्ही खोटं बोलायला हवं होतं

अण्णा, तुम्हाला दारात खुर्चीवर बसवलं होतं, कपाळभर विभूती, गळ्यात हार, आणि मी मागच्या बायकांत उभी होते. तुमच्या लिंगायतांत माणसं गेल्यावरही बसूनच जातात हे ठाऊक होतं मला. रिटर्न भरायच्या जुलै महिन्यात बाळीवेशीतल्या तुमच्या ऑफिसात बसायचा तसेच बसला होता. वाटलं, आता चष्मा खाली ओढून म्हणणार, "उभ्या का अक्का? बसा की." मी पुढं आलेच नाही. दोन महिने अबोला धरलेल्या बाईनं कुठल्या तोंडानं पुढं यायचं?

शेजारची एक बाई हळूच म्हणाली, "तुमी कोण त्यांच्या? नात्यातल्या?" काय सांगणार? म्हटलं, "आमचे टॅक्सवाले होते." ती माझ्याकडं बघतच राहिली. टॅक्सवाला गेला म्हणून पदर तोंडाला लावून रडणारी बाई तिनं पहिल्यांदाच पाहिली असणार.

गेलेल्या माणसाचं कौतुक करतात सगळे. मीपण करणार आहे. पण आधी भांडून घेते, कारण आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि ते अर्धं ठेवून तुम्ही निघून गेलात, हे काही बरं केलं नाही.

तुमच्याकडं पहिल्यांदा आले ते आठवतंय का? ह्यांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, गणवेश शिवायचा धंदा जरा बरा चालल्यावर अक्कलकोट रोडला एक गाळा घेतला होता. माझ्या नावावर. त्यात माझं काही कौतुक नव्हतं बरं का. ह्यांच्या एका दोस्तानं कानात सांगितलं होतं, बायकोच्या नावावर टाक, भाडं तिच्या नावानं दाखव, टॅक्स बसत नाही. झालं. मी सहीपुरती. गाळ्याचं तोंडसुद्धा पाहिलं नव्हतं मी. ह्यांनी मला तुमच्याकडं आणलं ते भाडेकराराच्या सहीला. जिना कसला तो, शिडीच. वर आल्यावर धाप लागली, आणि समोर बाकावर ही माणसं, ही माणसं. तुम्ही एकाशी कानडीत, दुसऱ्याशी तेलुगूत, तिसऱ्या कापडवाल्या चाचांशी त्यांच्या दखनीत, असे बोलत होता. मला वाटलं, हा माणूस टॅक्स भरतो का भाषा विकतो?

ह्यांनी तुम्हाला सगळा बेत सांगितला, मोठ्या ऐटीत. तुम्ही शेंगा फोडत ऐकून घेतलात आणि म्हणालात, "पैसे कुणाचे?"

"माजेच की."

"मग भाडं तुमच्याच उत्पन्नात धरायचं. बायकोच्या नावावर टाकलं म्हणून कायदा फसत न्हाय. तुमच्या दोस्ताला सांगा, ह्ये समद्यांना सुचतंय, म्हणूनच कलम हाय त्याला."

ह्यांचं तोंड एवढंएवढं झालं. "मग नावावर करून उपेग काय झाला?"

"उपेग झाला की. गाळा ह्यांचा झाला." आणि तुम्ही माझ्याकडं बोट केलंत. शेंगेचं टरफल लागलं होतं बोटाला.

मग करार माझ्यासमोर सरकवलात. मी पदर सावरून पेन घेतलं, तर पेन काढून घेतलंत हातातलं. "आधी वाचा." वाचला. म्हणजे नजर फिरवली. "आता कागद पालथा घाला आणि मला सांगा, काय लिवलंय त्यात." अगं बाई! मागं बाकावर बारा माणसं, शेजारी नवरा घड्याळ बघतोय, आणि मी शाळेत उभं केल्यासारखी. हे म्हणाले, "अण्णा, तिला काय कळतंय त्यातलं?" तुम्ही म्हणालात, "कळत न्हाय तवर सही न्हाय. मला काय घाई न्हाय."

तुम्हाला नव्हती, पण बाकाला होती. मागचा एक लॉजवाला चुळबुळ करायला लागला. मी परत वाचला. तीन वेळा वाचला. आणि मग सांगायला लागले: भाडेकरूनं भिंतीला भोक पाडायचं नाही, दुसऱ्याला पोटभाड्यानं द्यायचं नाही, सोडायचं तर आधी कळवायचं. तुम्ही विचारलंत, "कुणाला कळवायचं?" मी म्हटलं, "मालकाला." "मालक कोण?" मी पदर परत सावरला. शेवटी म्हटलं, "मी." तुम्ही मान डोलावलीत आणि पेन दिलंत. इतकंच. पण घरी येताना रिक्षात मी ह्यांना म्हटलं, "मला गाळा दाखवा." ह्यांना वाटलं मला ऊन लागलं.

तुमची ती पद्धत सगळ्यांनाच ताप होता, खरं सांगायचं तर. ज्याला त्याला वाचायला लावायचात, ज्याचं त्याच्याकडून वदवून घ्यायचात. दुसरीकडं पाच मिनिटांत व्हायचं ते तुमच्याकडं तासभर. तरी माणसं तुमच्याकडंच यायची आणि बाकावर बसून तुम्हालाच शिव्या द्यायची. मी त्या बाकावर बसून जे शिकले ते कुठं शिकले नसते. तो लॉजवाला दरवर्षी घराला रंग दिल्याच्या पावत्या आणायचा, भाड्यातून वजा करा म्हणून. दरवर्षी तुम्ही त्याला तेच सांगायचात, "रंग द्या न्हायतर घर काळं ठेवा, भाड्यातले शंभराला तीस सरकार न विचारताच सोडतंय. ह्या पावत्या घरी ठेवा. घरपट्टीची आणा. भरलेली आणा, नुसतं बिल नगं." पुढच्या वर्षी तो परत रंगाच्याच पावत्या घेऊन हजर.

आणि तो हॉटेलवाला, "मला काय उरतच न्हाय, मग जीएसटी नंबर कशाला?" त्याला तुम्ही किती प्रेमानं समजावलं होतं. "उरत न्हाय ते इन्कम टॅक्सवाल्यांना सांगू. जीएसटीला उरलेलं न्हाय सांगायचं, फिरलेलं सांगायचं. तुमचं फिरतंय लई." आणि एकानं विचारलं होतं, मेव्हण्यानं पैसे दिले भेट म्हणून, टॅक्स लागतो का? तुम्ही म्हणालात, "मेव्हण्यानं दिले तर न्हाय लागत. दोस्तानं दिले आणि पन्नास हजाराच्या वर गेले तर लागतो. पण मेव्हणा देतोय कशाला, ते बघा आधी." सगळा बाक हसला होता. मी इतकी हसले की ह्यांनी कोपर मारलं मला.

माझं स्वतःचं रिटर्न भरायला लावलंत तुम्हीच. मी ब्लाउज शिवायची, फॉल-पिको करायची, ह्यांच्याकडं शाळांच्या गणवेशाची मापं आली तर कटिंगही मीच. "ते तुमच्या हातचं. ते नवऱ्याच्यात मिसळायचं न्हाय," म्हणालात. टॅक्स बसत नव्हता तरी भरायला लावलंत. आणि माझी फाईल वेगळी केलीत. ह्यांची जाड, माझी पातळ, पण वेगळी, वर माझं नाव मराठीत, तुमच्या त्या तिरक्या अक्षरात. ह्यांनी विचारलंच, "एकाच घरातलं हाय की, दोन कशाला?" तुम्ही म्हणालात, "घर एक हाय, माणसं दोन हायत."

अण्णा, आता लाजायचं काय. मी वर्षभर वाट बघायची तिथं यायची. कॅलेंडरच्या मागं प्रश्न लिहून ठेवायची. अर्ध्याची उत्तरं मला येत असायची, तरी विचारायची. घरात माझ्याकडं माणसं येतात ती भाकरी झाली का, चावी कुठंय, गोळी घेतली का, एवढंच विचारायला. तुम्ही विचारायचात, "अक्का, तुमाला काय वाटतंय?" भाडेकरू ठेवायचा का बदलायचा, तुमाला काय वाटतंय. वर्षातून अर्धा तास मला कुणीतरी हे विचारायचं. त्या अर्ध्या तासावर मी वर्ष काढायची. हे तुम्हाला कधी बोलले नाही. बोलायला पाहिजे होतं.

भांडायचीही मी. मी एकच धरून होते. गाळा माझा म्हणता, मग भाडं ह्यांच्या उत्पन्नात का? म्हणजे सरकारलापण वाटतंय की बायको नावापुरती. तुम्ही म्हणायचात, "कायदा चोराला धरून लिवलाय, अक्का, तुमाला धरून न्हाय." मी म्हणायची, "मग चोराची शिक्षा मला का?" तुम्ही डोकं खाजवायचात. "पुढच्या साली सांगतो." पुढच्या साली परत तेच. आता नवीन कायदा आलाय म्हणे, कलमांचे नंबरच सगळे बदलले. तुम्ही वैतागला होता, "तोंडपाठ होतं सगळं, आता म्हातारपणी परत पाढे पाठ करायचे." मी चिडवलं होतं, की बघा, माझं उत्तर नव्या कायद्यात लिहिलंय का. तुम्ही बघतो म्हणालात. बघितलंत का हो?

आता खरं भांडण.

दिवाळीनंतर आमच्या भाडेकरूनं, बॅटरीवाल्यानं, गाळा सोडला. मी दोन दिवसांनी किल्ली घेऊन एकटीच गेले, इंचटेप घेऊन. कटिंगचं टेबल बसतंय का बघायला. बसत होतं. दाराशी दोन मशिनी, मागं काज-बटणाला जागा, उजेड छान. किती दिवस, किती वर्षं म्हणा, डोक्यात होतं माझ्या. चार बायका हाताशी घ्यायच्या, ह्यांच्या धंद्याला हात न लावता आपलं आपलं काम. कुणाला बोलले नव्हते. आणि त्याच आठवड्यात ह्यांनी जेवताना जाहीर केलं की गाळा विकायचा, पुण्यात पोराला फ्लॅट घ्यायचा. जाहीर केलं, विचारलं नाही. मी भाजी वाढली.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याकडं आले. पहिल्यांदाच एकटी. जिन्यावरून हाक मारली, तर तुम्ही उठून दारात आलात, काय झालं म्हणून. मी सगळं सांगितलं. टेबलाचं सांगितलं, मापं सांगितली. तुम्ही इतके खूश झालात, म्हणालात, "मग टाका की टेबल." मी म्हटलं, "हे विकणार म्हणतात. तुमचं ऐकतात ते. तुम्ही एवढंच सांगा त्यांना, की विकला तर लई टॅक्स बसतोय. सगळं सरकारच खाईल. ते टॅक्सला भितात. गप बसतील."

तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. मग म्हणालात, "तसं न्हाय ते. गाळा विकून राहतं घर घेतलं तर टॅक्स वाचायची सोय हाय. फ्लॅट तुमच्या नावावर घ्यायचा, पोराच्या न्हाय, एवढं पाळायचं."

"मला कायदा नका सांगू, अण्णा. मला येतो कायदा, तुम्हीच शिकवलाय. एकदा खोटं बोला."

"मी तसं बोलत न्हाय."

"माझ्यासाठीसुद्धा न्हाय?"

"अक्का, ह्यो टॅक्सचा प्रश्न न्हाय. तुमाला नको असंल तर नको म्हणा. त्याला कलम लागत न्हाय."

मी उठले. काय काय बोलले देव जाणे. इतकी वर्षं कागद वाचायला शिकवलंत आणि वेळ आल्यावर हात वर केलेत, असं बोलले. पुरुषाला पुरुष, असंही बोलले. तुमचा चेहरा पडला होता, मला दिसत होता, तरी बोलले. तुम्ही जिन्यापर्यंत आलात मागं. "सांबाळून उतरा," म्हणालात. मी वळून बघितलं नाही.

आणि संध्याकाळी ह्यांनी तुम्हाला फोन लावला. फोन ठेवून आनंदानं मला सांगायला आले, "अण्णा म्हणाले, टॅक्स वाचतोय. फकस्त फ्लॅट आपल्या नावावर घ्यायचा. आणि म्हणाले, गाळ्याचं अक्कांना विचारलं का?" मी भांडी आदळत होते. ते शेवटचं वाक्य मला ऐकू आलं होतं, अण्णा. पण रागाला काही ऐकायचं नव्हतं. हे "काय विचारायचंय त्यात" म्हणून बाहेर गेले, आणि मीही गप बसले. तुम्ही दार उघडून दिलं होतं आणि मी उंबऱ्यात उभी राहून तुमच्यावरच चिडले होते.

त्यानंतर तुमचा एकदा फोन आला. उचलला नाही. म्हटलं, येऊ दे परत, मग बघू. परत आला नाही. तुम्ही का केला होता फोन? रागवायला? तब्येत विचारायला? का त्या माझ्या जुन्या भांडणाचं उत्तर सापडलं होतं? जेवताना घास हातात राहतो आणि हेच डोक्यात येतं. असा एकेक विचार येतो आणि मी मशिनीवरचा पाय थांबवून बसते.

तुम्ही गेल्यावर पंधरा दिवसांनी तुमच्या मंडळींनी, नीलक्कांनी, सगळ्यांच्या फायली परत द्यायला काढल्या. आमच्या दोन मीच आणल्या. हे मला एका नव्या माणसाकडं घेऊन गेले, चांगला शिकलेला मुलगा, एसी ऑफिस, पाणी विचारलं, पाण्याची बाटली दिली. नाव ठेवायला जागा नाही. त्यानं माझी फाईल उघडली, माझं टॅक्सचं खातं त्याच्याकडं घ्यायला दोन मिनिटं कॉम्प्युटरवर बोटं चालवली आणि ह्यांना म्हणाला, "काका, ओटीपी आला असेल, सांगा." माझ्या नावाचा ओटीपी ह्यांच्या मोबाईलवर आला होता. ह्यांनी सांगितला. झालं म्हणाला. मी शेजारी बसले होते, अण्णा. मला पेनसुद्धा धरावं लागलं नाही. मग त्यानं माझी पातळ फाईल ह्यांच्या जाड फायलीत सरकवली. त्याचं काय चुकलं? त्याला कोण सांगणार?

घरी आले. तुमची इतकी आठवण आली, इतकी आठवण आली. तुम्ही असता तर मी तुम्हाला जाऊन सांगितलं असतं आणि परत म्हटलं असतं, तुम्ही सांगा ह्यांना. मी आयुष्यभर हेच केलं असतं. तुमच्या तोंडून बोलायचं, तुमच्या आडून मागायचं. आता आड उभं राहायला कुणी राहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी विसार द्यायला गिऱ्हाईक येणार होतं. सकाळी हे जेवायला बसले होते. मी तव्यावरची भाकरी काढली, ताटात टाकली आणि म्हटलं, "गाळा विकायचा न्हाय."

हे थांबले. "का?"

"मला पायजे. मी तितं कटिंगचं टेबल टाकणार हाय."

मी दुसरी भाकरी थापायला घेतली. मला वाटलं, आता आवाज चढणार, आता पोराचं नाव निघणार. ह्यांनी भाकरी मोडली. मग म्हणाले, "पोराला काय सांगू?"

"मी सांगते."

अर्धी भाकरी खाल्ली, हात धुतला, मोबाईल घेतला आणि माझ्यासमोरच दलालाला फोन लावला. "आज नका येऊ. न्हाय, किमतीचं न्हाय काय. आमच्या हिला विकायचा न्हाय गाळा. ...आता तिचाच हाय म्हटल्यावर तिनं नको म्हटलं की विषय संपला की. ठेवतो."

आणि फोन खिशात टाकून माझ्याकडं वळून म्हणाले, "आदी बोलायचं न्हाय का गं? मला कुटं काय म्हाईत."

दोन दिवस घुश्शात होते, नाही असं नाही. पोरगा अजून नीट बोलत नाही फोनवर. ते होईल. पण अण्णा, त्या वेळी मी चुलीपुढं खाली बसले आणि ढसाढसा रडले. ह्यांना वाटलं आनंदानं. तुम्ही खोटं बोलला असता तर हे टॅक्सला भिऊन गप बसले असते, आणि मी जन्मभर ह्यांना भीत राहिले असते. एवढंच होतं. मला हे माझ्या तोंडानं तुम्हाला सांगायचंय, आणि तुमचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे, आणि मी काल तो लावला. वाजला, अण्णा. नीलक्कांनी उचलला. मी "अण्णा आहेत का" असं म्हटलं, आणि म्हटल्यावर मला कळलं. त्या म्हणाल्या, "काय निरोप होता?"

मी म्हटलं, "त्यांचं बरोबर होतं म्हणावं."